झाड वाळलं म्हणजे मेलं का? (आणि ऊन, वादळ, वणवा यात झाडं नक्की करतात तरी काय)

अर्धवट_माळी
मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली. दारात जांभळाचं झाड आहे, वय बावीस-तेवीस वर्षं. मध्ये उन्हाची जी लाट आली त्यात आठवड्याभरात पश्चिमेकडची सगळी पानं कडेनं तपकिरी होऊन पापडासारखी कुरकुरीत झाली, पूर्वेकडची मात्र ठीक. मग लाट ओसरता ओसरता वादळ झालं त्यात एक मोठी फांदी गेली आणि आता उरलेली पानंपण गळायला लागलीत. शेजारचे म्हणतात मेलं ते, तोडून टाका, उद्या कुणाच्या अंगावर पडेल. घरातले म्हणतात थांबा जरा. मी मधल्यामध्ये.
प्रश्न दोन. झाड मेलं हे ओळखायचं कसं? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय, आपल्याला ऊन लागलं तर आपण उठून सावलीत जातो, झाड काय करतं? जंगलात तर बादलीभर पाणी घालणारंपण कोणी नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा (ऊन नको, नुसता प्रकाश).

खोडकर
आयडी बघता मला या धाग्यावर यावंच लागलं. माहिती शून्य, पण जागा धरून बसतो.

रानभूल
माळीदादा, आधी तोडायचं थांबवा. बारक्या फांदीची साल नखानं किंवा बोथट सुरीनं किंचित खरवडून बघा. आत हिरवं ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर तेवढी फांदी गेली, झाड गेलं असं नाही. टोकाकडून सुरू करा आणि बुंध्याकडे येत जा, हिरवं कुठे लागतं ते इथे सांगा.

पश्चिमेकडचीच पानं का भाजली तर दुपारनंतरचं ऊन आणि हवेचा सगळ्यात जास्त पारा एकाच वेळी त्या बाजूवर येतात. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिका-कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावर उष्णतेचा घुमट (गरम हवा एकाच जागी कोंडून राहते तो प्रकार) बसला होता, लिटन नावाच्या गावात २९ जूनला ४९.६ अंश नोंदले गेले, तेव्हा तिथल्या जंगलांत नेमकं हेच दिसलं. डग्लस फर, हेमलॉक अशी झाडं, नैऋत्येकडची बाजू विटकरी आणि मागची हिरवीगार. म्हणजे ती पानं तहानेनं नाही गेली, सरळ भाजली.

पान स्वतःला थंड ठेवतं ते पाणी उडवून, आपला घाम तसंच. पण पाणी कमी पडलं की झाड पानावरची रंध्रं मिटून घेतं, आणि रंध्रं मिटली की घाम बंद, मग पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही तापतं. पाणी वाचवू की पान वाचवू असा तो पेच असतो. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांची अन्न बनवायची यंत्रणा सरासरी ४६.७ अंशांच्या आसपास कोलमडायला लागते. हा आकडा पानाच्या तापमानाचा आहे बरं का, हवेच्या नाही.

पाईपवाला_आप्पा
रानभूलताईंनी पानाचं सांगितलं, मी पाईपाचं सांगतो कारण आयुष्य त्यातच गेलं. लोकांना वाटतं झाड पाणी वर ढकलतं. नाही हो. तळाला पंपच नाहीये. वरती पानातून पाणी उडतं आणि ते मागचं पाणी ओढतं, मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची एक अखंड दोरी ताणलेली असते. भर दुपारी हा ताण वातावरणाच्या दाबाच्या दहा-वीस पट सहज जातो, फक्त उलट्या दिशेनं. गाडीच्या टायरमध्ये आपण अडीचेक पट भरतो त्यावरून अंदाज घ्या.

आता जमीन सुकली आणि वरून हवा ओढतच राहिली तर दोरी तुटते. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बाद. आपल्या भाषेत एअरलॉक! फरक एवढाच की आपण व्हॉल्व्ह उघडून हवा काढतो, झाडाला बहुतेक वेळा ते जमत नाही, नवीन नळ्या घालाव्या लागतात. संवेदनशील मायक्रोफोन खोडाला लावला तर या तुटण्याचे बारीक टकटक आवाज पकडता येतात, आपल्या कानाला ऐकू येत नाहीत एवढंच. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगतो.

नळ्यांच्या मधल्या भिंतींत बारीक जाळ्या असतात, बुडबुडा एका नळीत अडकून राहावा म्हणून, त्यामुळे दहा-वीस टक्के गेल्या तरी गाडी चालते. पण निम्म्याहून जास्त गेल्या की उतार सुरू.

शंकासुर
छान, पण मग जंगलातली झाडं इतका धोका पत्करतातच कशाला? नळ्या जाड भिंतींच्या, बारीक करून मोकळं व्हायचं ना.

पाईपवाला_आप्पा
करतात काही, पण बारीक नळीतून पाणी कमी जातं, पाणी कमी म्हणजे वाढ कमी, आणि वाढ कमी म्हणजे शेजारचं झाड डोक्यावर सावली करून बसतं. जंगलात सावकाश चालणाऱ्याला ऊन मिळत नाही. २०१२ मध्ये जगभरातल्या २२६ जातींचा हिशोब मांडला गेला होता, त्यात ७० टक्के जाती नळी तुटायच्या मर्यादेच्या अगदी जवळ राहून जगतात असं निघालं. आणि गंमत म्हणजे भरपूर पावसाच्या जंगलातल्याही! आम्ही वाळवंटातले नाही म्हणून आम्हाला काळजी नाही असं कुणालाच नाही, जो तो आपापल्या पावसाच्या मापानं शिवलेला अंगरखा घालून बसलाय, ढगळपणा ठेवलेलाच नाही.

मुक्काम_पोस्ट_फांदी
आप्पा भारी समजावता. यात दोन स्वभावपण असतात ना? एक घाबरट आणि एक बेधडक.

रानभूल
हो, आणि त्याचं उदाहरण न्यू मेक्सिकोतलं आहे, २००२-०३ चा दुष्काळ. तिथे पिन्यॉन पाईन आणि ज्युनिपर शेजारी-शेजारी उभे असतात. पिन्यॉन घाबरट, जमीन जरा सुकली की रंध्रं बंद. नळ्या वाचतात पण दुकानही बंद, अन्न बनत नाही, साठवणीवर दिवस काढायचे. ज्युनिपर बेधडक, त्याच्या नळ्या चिवट आहेत म्हणून तो कोरड्या जमिनीतूनही ओढत राहतो. झालं काय तर जिथे अभ्यास चालू होता तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त पिन्यॉन मेले आणि ज्युनिपर बरेचसे वाचले.

पण पिन्यॉन उपाशी मेला असंही सरळ म्हणता येत नाही. साठवण कमी झाली की राळ बनत नाही, आणि राळ हे त्याचं हत्यार, सालीत भोक पाडणाऱ्या भुंग्याला राळेत बुडवून बाहेर ढकलायचं. राळ नाही म्हटल्यावर भुंगे आत घुसले. मृत्यूच्या दाखल्यावर भुंगा लिहायचं की दुष्काळ, यावर अजून भांडणं चालू आहेत.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे पानंच टाकून द्यायची. साग, पळस हेच करतात, उन्हाळ्यात उघडे होऊन उभे राहतात आणि आपल्याला वाटतं वाळले. माळीदादा, तुमच्या जांभळाची पानगळ ही घाबरून केलेली काटकसर असू शकते, लगेच सुतक पाळू नका.

ढोलीतलं_घुबड
+१. आणि मला वाटतं खरी गोम पुढच्या वर्षांत असते. माणूस तापातून उठला की आठवड्यात चालायला लागतो, झाडाचं तसं नाही. जगभरातल्या १३३८ ठिकाणच्या झाडांच्या खोडातल्या वाढीच्या कड्या तपासून २०१५ मध्ये असं दाखवलं गेलं की मोठ्या दुष्काळानंतर पाऊस नेहमीसारखा झाला तरी एक ते चार वर्षं झाडांची वाढ मागेच राहते. बाद झालेल्या नळ्यांच्या जागी नव्या घालायच्या, गळलेली मुळं परत काढायची, साठा भरायचा, ही सगळी उधारी आधी फेडावी लागते. त्यात मध्येच दुसरा दुष्काळ आला तर संपलं. म्हणून कोणी दुष्काळानंतर तिसऱ्या वर्षी मेलेलं झाड दाखवून म्हणतं अहो यंदा तर चांगला पाऊस झाला मग हे का मेलं, तर ते यंदा मेलेलंच नसतं, तीन वर्षांपासून मरत आलेलं असतं.

युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात झाडा-पिकांचं अन्न बनवणं जवळजवळ ३० टक्क्यांनी घसरलं होतं. आणि टेक्सासमध्ये २०११ च्या एकाच वर्षाच्या दुष्काळात ३० कोटी झाडं गेली असा तिथल्या वनखात्याचा अंदाज आहे. तीस कोटी! मी आकडा दोनदा वाचला.

शंकासुर
मला जरा उलट बाजू मांडू द्या, नाहीतर आयडी बदलावा लागेल. झाडं पृथ्वीवर साधारण ३८ कोटी वर्षं आहेत. हिमयुगं आली गेली, जंगलं टिकली. शिवाय हवेत कार्बन डायऑक्साईड वाढला की झाडाला रंध्रं कमी उघडून काम भागतं, पाणी वाचतं. मग एवढी रडारड कशाला?

रानभूल
दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्हीला मागे शेपूट आहे.
कार्बनचं म्हणाल तर पाणी वाचतं हे खरं, पण हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद साधारण सात टक्क्यांनी वाढते, म्हणजे पानातून ओढणारी तहान वाढते. एका हातानं दिलं दुसऱ्या हातानं काढलं. शिवाय वाचलेल्या पाण्यावर झाड गप्प बसत नाही, जास्त पानं काढतं, आणि मग दुष्काळ आला की तीच पानं पाणी मागत बसतात.

हिमयुगाचं म्हणाल तर जंगलं टिकली ती सरकून. झाड जागचं हलत नाही, त्याची पोरं हलतात, बी पडतं पाच-पन्नास मीटरवर, फार तर पाखरानं नेलं तर लांब, मग ते मोठं व्हायला वीस वर्षं, मग त्याचं बी. पिढ्यान् पिढ्या. हे चालायला हजारो वर्षं हाताशी होती. आत्ता जो बदल चाललाय तो एकाच झाडाच्या आयुष्यात चाललाय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात म्हणून २०१८ पासून रोपांचं बी निवडताना "इथलं बी इथेच" हा नियम बदलून पुढे जशी हवा येणार तशा ठिकाणचं बी आणायचं असं केलंय.

आणि टिकली म्हणजे सगळी टिकली असं थोडंच आहे? जी नाही टिकली त्यांच्यासाठी रडायला कोणी नव्हतं एवढंच.

शंकासुर
शेवटचं वाक्य लागलं. मान्य.

खोडकर
इतका वेळ गप्प होतो पण वाऱ्याबद्दल एक मला माहितीये! अॅरिझोनात ते काचेचं मोठं बंद जग बांधलं होतं ना, बायोस्फिअर २, १९९१ ला माणसं आत जाऊन राहिली होती. आत झाडं पटापट वाढली आणि मग स्वतःच्याच वजनानं कलंडायला लागली. कारण आत वाराच नव्हता! वाऱ्यानं हलल्याशिवाय खोड मजबूत होत नाही. म्हणून नवीन रोपाला काठी करकचून बांधू नये, सैल बांधावी, हलू द्यावं आणि एकदोन वर्षांत काढून टाकावी. लाडावलेलं झाड पहिल्या वादळात आडवं.

ढोलीतलं_घुबड
अरे वा खोडकर, "माहिती शून्य" म्हणणारा हाच का? त्याला जोड देतो. झाड कललं की ते स्वतःला सावरणारं खास लाकूड घालतं, रुंद पानांची झाडं कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूला घालतात आणि वर खेचतात, सूचिपर्णी खालच्या बाजूला घालतात आणि खालून ढकलतात. एकच काम, दोन घराण्यांच्या दोन रीती. कापलेल्या ओंडक्यावर कड्या एका बाजूला जाड दिसल्या तर ओळखा की याला कधीतरी झुकावं लागलं होतं.

ताडा-माडाची गंमत वेगळी. लवचिक खोड, पानं वाऱ्यात मिटतात, चक्रीवादळात बाजूची मोठमोठी झाडं मोडली तरी हे उभे. पण शेंड्यातला कोंब एकच, तो गेला की झाड गेलं, दुसरा डाव नाही. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवरून गेलं तेव्हा डोंगर दुसऱ्या दिवशी अक्षरशः तपकिरी दिसत होते, पानच उरलं नव्हतं, उपग्रहातूनसुद्धा दिसलं. आणि काही आठवड्यांत खोडांवरून हिरवं फुटायला लागलं. पान जाणं हे झाडासाठी स्वस्तातलं नुकसान आहे, शीड उतरवल्यासारखं, मुळं उपटली जाणं हे महाग.

१९८७ च्या १५-१६ ऑक्टोबरच्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये दीड कोटी झाडं पडली त्याचं अर्धं कारण हेच की पानं अजून गळली नव्हती आणि जमीन पावसानं लोण्यासारखी झाली होती. तोच वारा दोन महिन्यांनी आला असता तर कितीतरी वाचली असती.

मुक्काम_पोस्ट_फांदी
त्याच रात्रीची ती लंडनच्या क्यू उद्यानातल्या ओकची गोष्ट सांगा ना कोणीतरी, नाहीतर मीच सांगतो. तर तिथे १७९८ साली लावलेला एक टर्नर्स ओक आहे. वादळापूर्वीच तो आजारी होता, मलूल. त्या रात्री वाऱ्यानं तो मुळांसकट मातीचा गड्डा घेऊन उचलला आणि परत तिथेच खाली ठेवला. माळ्यांकडे पडलेली इतकी झाडं होती की याला टेकू लावले आणि सवडीनं तोडू म्हणून सोडून दिला. तीन वर्षांनी पाळी आली तेव्हा बघतात तर झाड झकास, कधी नव्हे इतकी वाढ! झालं असं होतं की वर्षानुवर्षं लोक चालून चालून मुळांवरची माती दगडासारखी घट्ट झाली होती, वादळानं ती एका झटक्यात भुसभुशीत केली. तेव्हापासून तिथे आजारी म्हाताऱ्या झाडांच्या मुळाशी मुद्दाम माती मोकळी करायला लागले.
माळीसाहेब, तुमच्या जांभळाखाली गाडी लावता का हो?

अर्धवट_माळी
अं... लावतो. गेली नऊ वर्षं. सावली आहे ना.

खोडकर
पकडला! आरोपी घरातलाच निघाला.

पाईपवाला_आप्पा
हसू नका, बऱ्याच ठिकाणी हेच असतं. उन्हाच्या लाटेत झाड मेलं म्हणतो आपण, पण मुळाला हवा आणि पाणी दोन्ही पोचत नसतं कित्येक वर्षं, लाट फक्त शेवटचा धक्का देते.

ढोलीतलं_घुबड
वणव्याचं राहिलं. काही झाडं आग अंगावर घेतात, कॅलिफोर्नियातल्या रेडवुड झाडांचा भाऊ तो जायंट सेक्वोया, त्याची साल दोन फूट जाड होऊ शकते, आतल्या जिवंत थराला झळ लागत नाही. निलगिरी वेगळं करते, सालीखाली खोलवर झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, ठेवते, वरचं सगळं जळालं की काळ्या खोडावर अंगभर हिरवी लव फुटते, ऑस्ट्रेलियातले २०१९-२० च्या आगीनंतरचे फोटो बघा, जळकं खांब आणि त्यावर पालवीचं केसाळ जाकीट. तिसरे स्वतः मरतात पण पोरांची सोय करून ठेवतात, लॉजपोल पाईनचे कोन (बियांची बोंडं) राळेनं चिकटवून बंद असतात, आगीनं राळ वितळली की बी मोकळं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग १९८८ मध्ये जळाला तेव्हा लोकांना वाटलं संपलं, आणि आज तिथे त्याच पाईनची दाट जंगलं उभी आहेत.

पण हे सगळं आगीच्या एका ठरावीक तालावर बसवलेलं आहे, ताल चुकला की नाच बिघडतो. ऑस्ट्रेलियातला अल्पाईन अॅश घ्या, हा निलगिरीच्याच कुळातला पण खोडावरून फुटत नाही, आगीत मरतो आणि बियांवर उठतो. त्या बियांतून आलेली झाडं बी धरायला वीसेक वर्षं घेतात. व्हिक्टोरियात २००३, २००७, २०१३ अशा आगी काही भागांत एकावर एक आल्या, पोरं वयात यायच्या आत जळाली, बी शिल्लकच नाही. मग हेलिकॉप्टरमधून बी फेकावं लागलं.

सेक्वोयाचंही तेच. हजार-दोन हजार वर्षं कितीतरी आगी पचवल्या, आणि २०२० च्या एका कॅसल फायरमध्ये मोठ्या सेक्वोयांपैकी १० ते १४ टक्के गेले. २०२१ ला पुढची आग आली तेव्हा जनरल शर्मन नावाच्या त्या महाकाय झाडाच्या बुंध्याला चांदीसारखं अॅल्युमिनियमचं कापड गुंडाळलं होतं. शंभर वर्षं तिथले लोक प्रत्येक छोटी आग विझवत गेले, खाली झाडोरा साठत गेला, आणि २०१२ ते १६ चा दुष्काळ. कॅलिफोर्नियात त्या दशकात १२.९ कोटी झाडं वाळली होती, त्याचं सरपण.

शंकासुर
म्हणजे आग विझवणं चूक?

ढोलीतलं_घुबड
प्रत्येक आग विझवणं चूक. घरापाशी आलेली विझवायचीच हो.

मुक्काम_पोस्ट_फांदी
पाण्याचं उलटं टोक पण आहे, पूर. मुळं बुडाली की मरतात ती पाण्यानं नाही, गुदमरून, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा दहा हजार पट हळू सरकतो. अॅमेझॉनच्या काठची काही जंगलं वर्षातले सहा-सात महिने पाण्यात उभी असतात, मासे फांद्यांतून फिरतात, तिथली झाडं बुंध्यावरून नवी मुळं काढतात, आत हवेच्या पोकळ्या ठेवतात. पाणी चढलं की वाढ थांबवतात आणि त्याचीच कडी लाकडात उमटते. ज्याला सवय नाही ते झाड दोन आठवड्यांत जाऊ शकतं.
आणि खारफुटी तर पाण्यात उभी राहून तहानेनं मेली आहे, उत्तर ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाच्या आखातात २०१५-१६ ला. एल निनोमुळे समुद्राची पातळीच काही महिने खाली गेली, भरतीचं पाणी पोचेना, वरून उष्णता आणि पाऊस नाही, किनाऱ्याच्या हजार किलोमीटरभर खारफुटी वाळली.

सावलीचोर
सगळा धागा वाचला, मस्त. मी वाचलं होतं की जंगलात झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना साखर-पाणी पाठवतात, आई झाड पोरांना जगवतं. म्हणून जंगलातली झाडं टिकतात आणि एकटी मरतात ना?

रानभूल
गोष्ट गोड आहे, मलाही आवडायची. बुरशी आणि मुळांची भागीदारी खरी आहे, बुरशी पाणी आणि फॉस्फरस आणून देते, झाड साखर देतं, दुष्काळात ती कामाला येते. १९९७ च्या एका प्रयोगात दोन जातींच्या रोपांमध्ये कार्बन इकडून तिकडे गेल्याचंही दिसलं होतं. पण मोठ्या जंगलात आई झाड ओळखून आपल्या पोरांना पोसतं, याला पुरावा फार तोकडा आहे, २०२३ मध्ये याच विषयातल्या तीन अभ्यासकांनी सगळे पुरावे तपासून तसं लिहिलंय. जंगल टिकतं त्याची कारणं साधी आहेत, सावली, ओल, वाऱ्याचा आडोसा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सरमिसळ.

सरमिसळ नसली की काय होतं ते स्वीडनला विचारा. जानेवारी २००५ मधलं गुड्रुन वादळ, एका रात्रीत साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं, बहुतेक स्प्रूस या एकाच जातीची सूचिपर्णी झाडं, रांगेत लावलेली. जर्मनीत तर २०१८ पासून ओळीनं दुष्काळ आणि मग भुंगे, सव्वातीन वर्षांत पाच लाख हेक्टर जंगल गेलं, त्यातही स्प्रूसच जास्त. स्प्रूसची मुळं वरवर पसरतात आणि तो मूळचा थंड डोंगरांतला, त्याला सखल भागात आणून बसवलं कारण लाकूड लवकर आणि सरळ मिळतं. भुंग्यासाठी म्हणजे पंगतच मांडली होती. वेगवेगळ्या खोलीची मुळं, वेगवेगळ्या स्वभावाची झाडं असली की एकाला जे मारतं ते दुसऱ्याला मारत नाही.

आणि मोठी झाडं आधी जातात हेही लक्षात ठेवा. ब्राझीलमध्ये काशिवाना इथे २००२ पासून एक हेक्टर जंगलावर पन्हळी लावून निम्मा पाऊस खाली पडूच दिला नाही, तर आधी गेली ती सगळ्यात उंच, कारण पाणी सगळ्यात लांब ओढावं लागतं, आणि आप्पा म्हणाले तसं नळ्या तुटून गेली. उपाशी मरून नाही. छोटी उरली, त्यांच्या वाट्याला पाणी जास्त आलं आणि ती बरीचशी सावरली. जंगल राहिलं, पण आधीचं नाही, बुटकं.

अर्धवट_माळी
मंडळी दंडवत. आज सकाळी खरवडून बघितलं. पश्चिमेच्या फांद्या टोकाकडून दीडदोन हात तपकिरी, नंतर हिरवं लागलं! पूर्वेकडे तर टोकालाच हिरवं. आणि मोडलेल्या फांदीच्या खाली बेचक्यात तीन-चार तांबूस कोंब दिसतायत, नखाएवढे. गाडी कालच बाहेर काढली. आता खत घालू का चांगलं भरपूर?

रानभूल
खत नको! आजारी माणसाला श्रीखंड खाऊ घालाल का? खतानं पालवी फुटेल आणि तिला पाणी द्यायला मुळं नाहीत. पाणी द्या, पण बुंध्याशी नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे, हळूहळू, आठवड्यातून एकदा खोलवर. वर पालापाचोळा पसरा चार बोटं, बुंध्याला चिकटवू नका, सालीला कुजवतो. वाळलेली टोकं आत्ता कापायची घाई नको, कोंब कुठवर येतात ते बघा. मोडक्या फांदीचा लोंबता भाग मात्र जाणकाराकडून सरळ कापून घ्या. आणि खोडाला भेग किंवा मुळाशी माती उचललेली दिसली तर शेजाऱ्यांचं म्हणणं खरं धरा, ते पहिल्यांदा तपासा.

पाईपवाला_आप्पा
आणि माती मोकळी करताना कुदळ नको, मुळं तोडाल. लोखंडी गजानं वीतभर अंतरावर भोकं पाडा आणि त्यात कुजलेला पाला भरा, बाकी गांडुळं बघतील.

अर्धवट_माळी
भेग नाही, बघितली. गजाचं उद्याच करतो. शेजाऱ्यांना काय सांगू पण? ते रोज विचारतात.

ढोलीतलं_घुबड
तीन वर्षांनी या म्हणावं.

अर्धवट_माळी
हेच सांगितलं आत्ता जाऊन. ते म्हणाले मग तोवर गाडी आमच्या फाटकासमोर लावणार का.